१९६० सालची डिझेल रेलकार २०१७ पर्यंत प्रवासी कशी काय वाहत होती?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधली इतकी जुनी रेलकार एवढी वर्षं कशी टिकली आणि ती नुसती हौसेखातर ठेवली होती का. हौसेखातर अजिबात नाही. एल्सबरीला राहत असताना मी तिच्यातून कामावर जायचो, म्हणून लिहितोय.

ही गाडी म्हणजे क्लास १२१. स्कॉटलंडमधल्या लिनवुडला प्रेस्ड स्टील कंपनीने १९६०-६१ मध्ये अशा १६ बांधल्या. एकच डबा आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. शेवटचं स्टेशन आलं की ड्रायव्हर चालत दुसऱ्या टोकाला गेला, झालं काम. मार्लो, ग्रीनफर्ड अशा छोट्या फाट्यांवर, जिथे मोठी गाडी रिकामीच धावली असती, तिथे ही पुरायची. लोक लाडाने 'बबल कार' म्हणत.

डब्याच्या खाली १५० अश्वशक्तीची दोन इंजिनं आडवी बसवलेली. ती पुरवणारी कंपनी एईसी आणि लेलँड या बस-ट्रकवाल्यांनी मिळून काढलेली. आपल्या अशोक लेलँडमधला लेलँड तोच. गिअर चार, तेही ड्रायव्हरने हाताने टाकायचे. केबिनच्या मागच्या काचेतून मी ते रोज बघायचो. थ्रॉटल बंद, दांडा पुढच्या खाचेत, क्षणभर थांबायचं, पुन्हा थ्रॉटल. त्या क्षणात गाडी एकदम शांत व्हायची आणि मग पायाखालची फरशी परत थरथरायला लागायची. आवाजावरून डोळे मिटूनही सांगता यायचं, आता तिसरा पडला.

पण ती टिकली त्याचं खरं कारण वेगळं आहे, असं मला वाटतं. प्रवासी सेवेतून काढल्यावर यातल्या बऱ्याच गाड्या भंगारात न जाता रेल्वेच्या स्वतःच्या कामाला लागल्या. इंग्लंडमध्ये शरद ऋतूत झाडांची पानं रुळांवर पडतात, चाकांखाली चिरडून त्यांचा गुळगुळीत थर बसतो आणि चाकं घसरतात. त्यावर वाळू मिसळलेली चिकट पेस्ट टाकत फिरायचं, ड्रायव्हरांना नवा मार्ग शिकवायचा, अशी कामं. असल्या कामाला दोन टोकांना केबिन असलेला सुटा डबा सोयीचा. त्यामुळे गाडी चालती राहिली आणि तिची दुरुस्ती करणारे हातही.

२००३ मध्ये चिल्टर्न रेल्वेने त्यातली ५५०२० क्रमांकाची गाडी एल्सबरी-प्रिन्सेस रिझबरो फाट्यावर पुन्हा प्रवाशांसाठी आणली. हिशेब सरळ होता: या छोट्या मार्गावर अडकलेली नवी गाडी मोकळी होऊन लंडनच्या गर्दीला मिळते. २०११ मध्ये जोडीला ५५०३४ आली, जुन्या हिरव्या रंगात. तिकडे वेल्समध्येही २००६ ते २०१३ अशीच एक गाडी कार्डिफ क्वीन स्ट्रीट ते कार्डिफ बे या जेमतेम दोन किलोमीटरच्या मार्गावर दिवसभर ये-जा करत होती.

एल्सबरीची सेवा १९ मे २०१७ ला थांबली. त्याचं मला वाईट वाटलं, पण व्हीलचेअरवाल्याला त्या उंच, अरुंद दारातून चढणं अवघड होतं हेही खरंच. दरवाजे आपोआप लागणारे नव्हतेच. प्रिन्सेस रिझबरोला उतरलं की प्रत्येकाने आपापला दरवाजा मागे लोटायचा. धाड, धाड, धाड असा आवाज सगळ्या फलाटभर जायचा आणि शेवटचा दरवाजा लागल्यावरच गार्ड घंटा द्यायचा.