विमानामागचे भोवरे कमी करायचेत? सुरुवात अशी करा

विमानामागचे भोवरे कमी करण्याच्या युक्त्या संगणकावरच्या सिम्युलेशनने तपासायच्या आहेत ना? विषय छान निवडलात. आधी एक पक्कं करा: हे भोवरे इंजिनाच्या झोताने नव्हे, पंखांच्या लिफ्टमुळे (विमानाला वर उचलणाऱ्या बलामुळे) होतात. विमान उडतंय तोवर ते असणारच. म्हणून ध्येय ‘नाहीसे करणे’ नको, ‘लवकर विरवणे’ ठेवा.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर हिशोब करा. अभिसरण (सर्क्युलेशन, म्हणजे भोवऱ्याच्या फिरण्याची ताकद) = वजन (न्यूटनमध्ये) ÷ (हवेची घनता × वेग × डाव्या-उजव्या पंखामागच्या दोन भोवऱ्यांमधलं अंतर). हे अंतर पंखविस्ताराच्या साधारण ०.७८५ पट. २५० टन, ६० मीटर पंखविस्तार, सेकंदाला ७५ मीटर वेग धरलात तर समुद्रसपाटीला सुमारे ५७० चौ.मी. प्रतिसेकंद येतं.

नेहमीच्या चुका:

- विंगलेटवर (पंखाच्या वर वळवलेल्या टोकावर) भिस्त. त्याने ड्रॅग (हवेचा अवरोध) घटतो, अभिसरण फारसं नाही.
- पंखामागे लगेच मोजमाप. मागच्या विमानाला भोवरा काही किलोमीटरवर भेटतो, तिथली स्थिती बघा.
- विरळ जाळी (आकडेमोडीसाठी हवेचे जे छोटे चौकोन, म्हणजे पेशी, पाडतात ती). सर्वांत फसवी चूक हीच! भोवरा आकडेमोडीतल्या खोट्या घर्षणानेच विरतो आणि आपली युक्ती चालली असं वाटतं. भोवऱ्याच्या गाभ्याच्या (मधल्या वेगाने फिरणाऱ्या भागाच्या) व्यासात निदान ८-१० पेशी ठेवा, आणि युक्ती न वापरता तीच केस त्याच जाळीवर चालवून तुलना करा.

भोवऱ्यांच्या जोडीची अस्थिरता (दोन भोवरे एकमेकांना डळमळवतात ती) नंतर बघा. आधी एकच भोवरा नीट टिकवून दाखवा.