एक हाफ सातारा

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, सहावीत शिकतो. आम्ही पुण्यात राहतो आणि माझं माहेर साताऱ्याला. या दिवाळीच्या सुट्टीत त्याला एसटीनं एकट्यानं आजोळी जायचंय. रोज जेवताना विषय काढतो. सासूबाई म्हणतात, "आमची मुलं आठव्या वर्षी एकटी जायची." मिस्टर म्हणतात, दहावी होऊ दे, मग बघू. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोपताना दोघांचंही पटत नाही. नेमकं कितव्या वर्षी पाठवावं?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, आधी सरळ सांगतो. पाठवा. सहावीतलं मूल पुण्याहून साताऱ्याला दिवसाउजेडी एकटं जाऊ शकतं. आता ते या दिवाळीत पाठवायचं की उन्हाळ्याच्या सुट्टीत, हे दोन गोष्टी बघून ठरवा : तो स्वतःचं तिकीट स्वतः मागतो का, आणि साताऱ्यात त्याला घ्यायला कोण येणार आहे.

मी ३१ वर्षं वाहक होतो आणि त्यातली बरीचशी याच रस्त्यावर गेली. स्वारगेटला खिडकीतून मूल आत देऊन "मास्तर, एवढं साताऱ्यात उतरवा, मामा येईल" असं सांगणारे बाप मी इतके पाहिले की मोजदाद नाही. त्यातली दोन मुलं मला आजही आठवतात.

पहिला असेल नऊ-दहा वर्षांचा. मोबाइल येण्याच्या आधीची गोष्ट. गाडी पुढं सांगलीला जाणारी. साताऱ्याच्या स्टँडवर उतरवला, तर मामाचा पत्ता नाही. पन्नासभर माणसं घेऊन गाडी उभी, मला निघायचं होतं. पोराला विचारलं, मामाचं घर माहीत आहे का? म्हणाला, "माहीत आहे, राजवाड्याजवळ. पण मी एकटा जाणार नाही. मामा येईपर्यंत स्टँडवरच थांबायचं असं आईनं सांगितलंय." मी त्याला चौकशीच्या खिडकीपाशी नेलं, वाहतूक नियंत्रकाच्या शेजारी बाकावर बसवलं आणि बेल दिली. परतीच्या फेरीत विचारलं तेव्हा कळलं, मामा वाढे फाट्यावर उभा होता. बहिणीनं निरोपात 'स्टँड' म्हटलं की 'फाटा', यात घोळ झाला होता. तो पाऊण तासानं धावत आला. तोवर पोरानं बाकावर बसून डब्यातला लाडू खाल्ला होता.

दुसरा चौदा-पंधरा वर्षांचा, चांगला उंच, मिसरूड फुटलेला. त्याला साताऱ्यालाच जायचं होतं, पण भुईंजला बरीच माणसं उतरली तसा तोही उतरला. का, तर 'सातारा आलं का' हे विचारायची लाज वाटली. मागून आलेल्या गाडीनं तो साताऱ्यात पोचला, तेव्हा तिथं त्याची मावशी रडकुंडीला आली होती.

तेव्हापासून कोणी मुलाचं वय सांगितलं की मी विचारतो, त्याला विचारता येतं का? आणि ठरलेलं बिघडलं तर जागच्या जागी थांबता येतं का? पहिल्या मुलाला ही दोन्ही कामं येत होती. दुसऱ्याला पहिलंच येत नव्हतं, आणि तो पहिल्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा होता.

आपण मुलांना 'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' हे पक्कं शिकवतो. प्रवासाला निघणाऱ्या मुलाला एवढंच येत असेल तर पंचाईत होते, कारण गाडीतली सगळीच माणसं अनोळखी. त्याला हे शिकवा की कोणाशी बोलायचं ते आपण निवडायचं. खाकी गणवेशातला वाहक, चौकशीच्या खिडकीतला माणूस, लेकरू घेऊन बसलेली बाई. जो आपणहून जवळ येऊन 'चल, मी सोडतो' म्हणतो त्याच्याबरोबर जायचं नाही, मग त्याला मामाचं नाव माहीत असलं तरी. घरातला एक शब्द ठरवून ठेवा. घ्यायला ऐन वेळी दुसरं कोणी आलं, तर त्यानं तो शब्द सांगितल्याशिवाय मुलानं हलायचं नाही.

आता तालीम. दिवाळीआधी एखाद्या शनिवारी सकाळी दोघं साताऱ्याला जाऊन या. स्वारगेटला शिरल्यापासून तुम्ही मागं राहा आणि गप्प राहा. कुठल्या फलाटावर गाडी लागते हे त्यानं विचारायचं. पाटी त्यानं वाचायची. गाडीत तो पुढं बसेल, तुम्ही चार सीट मागं. वाहक आला की त्यानंच म्हणायचं, "एक हाफ सातारा." ५ ते १२ वर्षांच्या मुलांना एसटीत अर्धं तिकीट असतं, हे त्याला माहीत हवं, कोणी वय विचारलं तर सांगता यायला हवं. तिकीट आणि उरलेले पैसे मोजून खिशात ठेवायचे. त्याचा आवाज पुरेसा निघाला नाही, वाहकाला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं, तर मधे पडू नका. त्यालाच तिसऱ्यांदा मोठ्यानं बोलू द्या. मुलगा त्या दिवशी जे शिकेल ते तुम्ही घरी महिनाभर समजावून येणार नाही.

वाटेतल्या खुणा त्याला पाठ करायला लावा. कात्रज, खेड शिवापूरचा टोलनाका, शिरवळच्या अलीकडे नीरेचा पूल, म्हणजे सातारा जिल्हा लागला. मग खंबाटकीचा घाट, सुरूरचा वाई फाटा, भुईंजला कृष्णेचा पूल, आनेवाडीचा टोलनाका. आनेवाडी गेली की दप्तर पाठीला लावायचं. ज्या मुलाला आपण कुठवर आलो हे कळतं ते घाबरत नाही, आणि फोन आल्यावर 'माहीत नाही' म्हणत नाही. घाटात चढणीला पुष्कळ मुलांना मळमळतं. पिशवी वरच्या खिशात असू द्या, आवळा सुपारी द्या आणि निघताना वडापाव देऊ नका.

गाडी निवडताना एक पथ्य पाळा : जी गाडी साताऱ्यातच संपते तीच घ्या. कोल्हापूर-सांगलीची गाडी लवकर मिळते म्हणून बसवू नका. शेवटच्या स्टॉपला सगळेच उतरतात, झोपलेल्या मुलाला कोणीतरी उठवतंच. मधल्या स्टॉपला तसं होईलच असं नाही. स्वारगेटहून साताऱ्याला विनाथांबा गाड्याही जातात, पण त्यातल्या काही विनावाहक असतात. म्हणजे तिकीट स्थानकातच देतात आणि गाडीत फक्त चालक असतो. वाटेत गाडी थांबत नाही ही बाजू चांगली, पण चालकाचं लक्ष रस्त्यावर, मुलाकडे बघायला कोणी नाही. पहिल्या खेपेला वाहक असलेलीच गाडी बघा, मुलाला त्याच्या नजरेसमोरच्या सीटवर बसवा आणि त्याच्याशी दोन शब्द बोला. खिडकीतून ओरडून सांगू नका, वर चढून सांगा. मुलाचा चेहरा आणि तुमचा चेहरा दोन्ही त्याच्या लक्षात राहायला हवेत. एक मात्र ध्यानात ठेवा. वाहकाला तिकिटं, बेल, चढणारे-उतरणारे, पैशाचा हिशोब हे सगळं बघायचं असतं. तो मूल सांभाळतो ते माणुसकीनं. त्याच्या भरवशावर सगळं सोडू नका.

शाळा सुटल्याबरोबरचे दिवस आणि भाऊबीजेच्या आधीचे-नंतरचे दिवस टाळा. त्या गर्दीत वाहकाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. मधल्या वारी सकाळी आठ-नऊची गाडी धरा, म्हणजे घाटात कोंडी झाली तरी पोरगं उजेडातच पोचेल.

मोबाइल द्यायचा असेल तर द्या, पण आमच्या गाडीत मुलं शिरवळ येईपर्यंत खेळ खेळून बॅटरी संपवायची, आणि मग आईचा फोन लागायचा नाही. तुमचा आणि मामाचा नंबर तोंडपाठ करून घ्या, शिवाय कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवा. १०९८ हा लहान मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तोही त्यात लिहा.

आणि एक गोष्ट, जी लिहायला जड जाते पण लिहितो. शेजारच्या माणसाचा हात नको तिथं येत असेल, तो माणूस अंगावर रेलत असेल, तर मुलानं सहन करत बसायचं नाही. उठायचं, वाहकापाशी जाऊन उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मास्तर, हा माणूस मला हात लावतोय." मुलगा असो वा मुलगी. मी असा आवाज माझ्या गाडीत ऐकलाय. सगळी गाडी त्या मुलीच्या बाजूनं उभी राहिली होती. पण तिनं आवाज काढला म्हणून. हे वाक्य मुलाकडून घरी मोठ्यानं म्हणवून घ्या. पहिल्यांदा म्हणताना त्याला लाजल्यासारखं होईल, चार वेळा म्हटलं की जीभ वळते.

सासूबाईंना सांगा, त्यांचं खोटं नाही. पण तेव्हा एका गाडीत गावातली चार माणसं असायची, 'कुणाचा रे तू' विचारायची. आज सगळ्यांच्या माना फोनमध्ये. मिस्टरांना सांगा, दहावीनंतर मूल शिकायला परगावी जातं. त्या दिवशी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिकीट मागावं, हे मला बरं वाटत नाही.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. डोंबिवलीहून ठाण्याला आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी चित्रकलेच्या क्लासला जायचंय. एक दिवस क्लास रविवारी असतो. लोकलनं एकटी पाठवू का?
— एक बाबा, डोंबिवली

उत्तर : माझी लेक डोंबिवलीलाच दिली आहे, म्हणून ही लोकल मी थोडीफार ओळखतो. तुमच्या मुलीचं जाणं आणि येणं हे दोन वेगळे प्रवास आहेत. दुपारी चार-साडेचारला डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीला गर्दी कमी असते. सातला ठाण्याहून परतताना अख्खी मुंबई घरी निघालेली असते. जाताना एकटी जाऊ द्या. येताना पहिले दोन-तीन महिने तुम्ही ठाण्याला जाऊन घेऊन या, नाहीतर कामावरून परतताना तिथं उतरा. पुढं एकटी येऊ लागली की ठाण्याहूनच सुटणारी लोकल पकडायची सवय लावा. ती रिकामी लागते आणि चढताना रेटारेटी होत नाही. तोवर फलाटावर दहा मिनिटं थांबावं लागलं तरी थांबायचं. एक गाडी सोडून देता येणं, हे लोकलच्या प्रवासात सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. तिला आधी तेवढं शिकवा. महिलांच्या डब्यात बसायचं, दारात उभं राहायचं नाही. मुंब्रा-कळव्याच्या पट्ट्यात दारातून पडून माणसं गेली आहेत, हे तिला घाबरवायला म्हणून सांगू नका, पण लपवूही नका.

धीम्या लोकलची स्टेशनं पाठ हवीत : कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. रविवारी मेगाब्लॉक असतो, गाड्या उशिरानं धावतात, काही रद्द होतात. त्या दिवशीचा क्लास तिच्या एकटीच्या प्रवासातून वगळा. रेल्वेचा मदतीचा नंबर १३९ आहे.

प्रश्न : नात ७ वर्षांची. सून म्हणते, तिला विमानानं एकटीला नागपूरला पाठवू, कंपनीची माणसं सांभाळतात. मला धाकधूक वाटते.
— एक आजोबा, मुंबई

उत्तर : आजोबा, बहुतेक विमान कंपन्या साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी अशी सोय जादा पैसे घेऊन देतात. मूल कर्मचाऱ्याच्या हाती सोपवायचं, उतरल्यावर कर्मचारीच बाहेर आणून देतो. घ्यायला येणाऱ्याचं नाव फॉर्मवर आधी लिहावं लागतं आणि त्याचं ओळखपत्र बघूनच मूल हाती देतात. मला ही पद्धत फार आवडते. थेट विमान असेल आणि नातीला घर सोडून राहायची सवय असेल, तर धाकधूक असली तरी जाऊ द्या.

प्रश्न : मी उलट्या बाजूची आहे. नातू १२ वर्षांचा, मे महिन्यात पहिल्यांदा पुण्याहून एकटा येतोय. म्हणतो, "आजी, स्टँडवर येऊ नकोस, मी रिक्षानं येतो घरी." मी जाऊ की नको?
— एक आजी, कराड

उत्तर : आजी, जा. तो रुसला तरी जा. गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. चौकशीच्या खिडकीवर पुण्याची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारून ठेवा आणि तिथंच बसा. चहाला म्हणून बाहेर जाऊ नका. गाडी लागली की खिडक्यांमधून त्याला शोधत हिंडू नका. दारापासून चार पावलांवर, उतरणाऱ्याला समोर दिसाल अशा उभ्या राहा. त्याचं सामान त्यालाच उतरवू द्या. प्रवास कसा झाला हे तिथं विचारू नका, आधी पुण्याला फोन करून 'पोचला' एवढं कळवा. मग रिक्षा त्याला ठरवू द्या. भाडं त्यानं विचारायचं, पत्ता त्यानं सांगायचा, तुम्ही फक्त शेजारी बसा.