लाल शाईची ती रेघ

प्रश्न : माझे मामा 83 वर्षांचे असून सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले आहेत. गेले वर्षभर सकाळचे वर्तमानपत्र वाचून झाले की ते अस्वस्थ होतात आणि “आम्ही तेव्हा तोंड उघडले नाही, म्हणून हे दिवस पुन्हा दिसत आहेत,” असे म्हणत राहतात. आणीबाणीत त्यांच्या एका सहकाऱ्याला मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडून येरवड्याला नेले होते. शाळेचे मस्टर तेव्हा मामांकडे असे. वरून तोंडी सूचना आली आणि मामांनी त्या सहकाऱ्याच्या नावापुढे लाल शाईने आडवी रेघ ओढली. त्यांचा पगार थांबला. पुढे त्यांची पत्नी शाळेत दाखला मागायला आली, तेव्हा मामा तास असल्याचे सांगून वर्गात निघून गेले. हे सारे त्यांनी गेल्या दिवाळीत प्रथमच आम्हाला सांगितले. “तुम्ही एकटे काय करणार होता? आता सोडा तो विषय,” असे घरातले म्हणतात, आणि मामा भरल्या ताटावरून उठतात. त्यांची समजूत कशी घालावी?
– एक भाची, पुणे

उत्तर : मामांची समजूत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या मनात दोन दुःखे एकमेकांत मिसळली आहेत. एक साऱ्या समाजाच्या गप्प बसण्याचे आहे, तर दुसरे त्यांच्या स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेघेचे. घरचे लोक पहिल्याला उत्तर देतात, आणि मामांना छळत असते ते दुसरे.

पहिल्यापुरते घरच्यांचे म्हणणे खरे आहे. 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाची संमती घेतली गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आणीबाणीतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानुसार एकट्या मिसाखाली जवळजवळ 35 हजार लोक स्थानबद्ध झाले. साताऱ्यातील एका शिक्षकाने हे थांबवले असते, असे कोणीही म्हणणार नाही. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला, की आणीबाणीत अशा स्थानबद्धतेविरुद्ध नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे मत देऊन उभे राहिले. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. चौघांपैकी न्या. भगवती यांनी आपले चुकले हे जाहीरपणे मान्य केले ते 2011 मध्ये, आणि तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला 2017 मध्ये. घटनेने ज्यांच्या खुर्चीला संरक्षण दिले होते त्यांना इतकी वर्षे लागली, तर मामांना पन्नास लागली यात नवल नाही. मात्र ही तुलना मामांपुढे सुटकेसाठी ठेवू नका. ते तुमचे ऐकणार नाहीत आणि त्यांनी ऐकूही नये.

एक अवघड प्रश्न त्यांना जरूर विचारा, पण मायेने विचारा : ते गप्प राहणे निव्वळ भीतीपोटी होते का? त्या दिवसांत कचेऱ्या वेळेवर उघडत, गाड्या वेळेवर येत, संप थंडावले होते, आणि पगारदार माणसांच्या कितीतरी घरांत “शिस्त आली” असे समाधानाने बोलले जाई. माझ्या वडिलांच्या तोंडी मी हे वाक्य ऐकले आहे आणि ते आठवले की मला आजही वाईट वाटते. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक 1976 मध्ये आपल्याच विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. पण ‘केसेस’, म्हणजे नसबंदीसाठी माणसे, आणण्याचा तगादा शिक्षकांच्या दारी आला, तेव्हा कुठे त्या शिस्तीचा अर्थ अनेकांना उमगला.

मामांच्याच जिल्ह्यात, कऱ्हाडच्या 1975 च्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला, आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले आणि पुढच्याच वर्षी तुरुंगवास पत्करला. दुर्गाबाईंच्या मापाने मामांना मोजणे अन्यायाचे होईल. परंतु कऱ्हाडचे ते व्यासपीठ आणि मस्टरवरची ती रेघ यांच्या मधे पुष्कळ पायऱ्या होत्या. तोंडी सूचना लेखी मागता आली असती, दाखल्यासाठी आलेल्या बाईंना निदान बसायला सांगता आले असते, महिन्याचे धान्य अंधार पडल्यावर त्यांच्या घरी पोहोचवता आले असते. मामांचा पश्चात्ताप याच पायऱ्यांविषयी आहे आणि तो खरा आहे. तो हलका करण्याचा अधिकार तुम्हाला किंवा मला नाही.

मार्च 1977 मध्ये त्यांनी कोणाला मत दिले, हेही विचारा. गप्प बसलेल्या असंख्य माणसांनी त्या वेळी मतपेटीतून उत्तर दिले, म्हणूनच 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती होऊ शकली. त्या दुरुस्तीने आणीबाणी लादण्यासाठीचे ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून टाकले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही, अशी तरतूद केली. मात्र ती निवडणूक मुळात 1976 मध्येच व्हायला हवी होती. लोकसभेची मुदत वाढवून ती पुढे ढकलली गेली होती. मतदानाचा दिवस कधीतरी येईलच, अशा भरवशावर राहण्यातला धोका मामांच्या पिढीने अनुभवला आहे.

“हे दिवस पुन्हा दिसत आहेत” या त्यांच्या वाक्यावर तुमच्या घरात मतभेद असतील, आणि ते मिटलेच पाहिजेत असे नाही. पण लोकशाही झिजायला आता घोषणेची गरज उरलेली नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली, पुढे कित्येक वर्षे तिथे प्रशासकांनी कारभार पाहिला, आणि आपण बहुतेक जण खड्ड्यांबद्दल कुरकुरत राहिलो. आपला नगरसेवक कुठे गेला, असे फार थोड्यांनी विचारले. असल्या गोष्टीने मामांचा घास अडकत असेल, तर त्यांना गप्प करण्याऐवजी त्यांच्याजवळ बसा.

फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून त्यांना सावकाश सांगू द्या : सूचना कोणी दिली, शिक्षकांच्या खोलीत तेव्हा कोण होते, त्या बाई किती वेळ दारात उभ्या राहिल्या. मधे “जाऊ द्या हो” म्हणू नका. मग त्या सहकाऱ्याच्या घरी मामांच्या हस्ताक्षरातले पत्र जाऊ द्या. न कळवता थेट दारात जाऊन उभे राहू नका. उत्तर येईल किंवा येणार नाही, बोलावतील किंवा बोलावणार नाहीत, ते त्या घराने ठरवावे. पत्रात क्षमेची मागणी नसली तरी चालेल, पण रेघेचा उल्लेख स्पष्ट हवा. पगार नेमका कोणाच्या हातून थांबला, हे त्या घराला कदाचित आजही माहीत नसेल.