गणपती काढून ठेवला, कार्ड रद्दीत

"एवढा जीव ओतून करते, पण कुणाला किंमतच नाही. सोडून देऊ का सगळं?"

हा प्रश्न घेऊन महिन्यातून एक जण तरी माझ्याकडे समुपदेशनाला येतंच. कधी तो फराळाच्या डब्यांबद्दल असतो, कधी बाळासाठी विणलेल्या टोपड्यांबद्दल. त्या दिवशी तो हाताने केलेल्या कार्डांबद्दल होता.

काकूंचं वय एकसष्ट. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदललेत. आणि 'काकू'च म्हणते, कारण समोरासमोरही मी तेच म्हणत होते.) दादरच्या माझ्या खोलीत आल्या, खुर्चीत टेकल्या आणि पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जाड, दाणेदार हातकागद, हळदीच्या पाण्यासारखा फिकट. कडा मुद्दाम न कापलेल्या. चारी बाजूंनी सोनेरी धाग्याची बारीक किनार. आणि मधोमध, दोन बोटं मावतील एवढ्या जागेत, कागदाचा पापुद्रा सोललेला.

"नातवाच्या बारशाचं. रद्दीच्या पिशवीत मिळालं. रद्दीवाला दारात उभा होता, मी सहज हात घातला."

"सुनेला विचारलंत?"

"काय विचारायचं? दिसतंय की."

परळला वन बीएचके. मुलगा, सून, चार महिन्यांचं बाळ आणि काकू. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. काकूंचे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. लग्नपत्रिकांचं काम असलं की संध्याकाळी खिशातून रंगीत कातरण यायची आणि तिघी बहिणी त्यातून आहेराच्या पाकिटांवर लावायच्या चिठ्ठ्या करायच्या. पुढे ट्रेडल मशीन गेली, ऑफसेट आलं, छापखानाच बंद पडला. काकूंची कात्री चालू राहिली. नातेवाइकांत बारसं असो, मुंज, डोहाळजेवण, साखरपुडा, कुणाची एकसष्टी, कार्ड काकूंचंच. संक्रांतीला वाणावर टॅग, भाऊबीजेला ओवाळणीच्या पाकिटावर टॅग. डायरीत हिशोब ठेवलेला होता: मागच्या वर्षी 20 कार्डं, 144 टॅग. कार्डाला पाऊण तास, टॅगला दहा मिनिटं. आम्ही तिथेच बेरीज केली, 39 तास झाले.

"वर्षाला 39 म्हणजे फार नाहीत," मी म्हणाले.

"पण सगळे रात्री साडेअकरानंतरचे," त्या म्हणाल्या.

झोप, भूक, रडू, जगण्याचा कंटाळा, हे सगळं विचारून घेतलं. यातलं काही आठवडेच्या आठवडे टिकून असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, हे पक्कं. काकूंच्या बाबतीत तशी गरज नव्हती. दुखावल्या होत्या, एवढंच. 'एवढंच' म्हणजे कमी असं मात्र नाही.

आणि मग मी चूक केली. त्यांना सांगितलं, "काकू, दिलं की विसरायचं. अपेक्षा ठेवायची नाही." हा सल्ला आपल्याकडे नाक्यावर फुकट मिळतो, त्यासाठी कुणी माझी फी कशाला द्यावी! काकूंनी मान डोलावली आणि घरी जाऊन सगळंच बंद केलं. मे महिन्यात भाच्याची मुंज होती. 501 रुपयांचं दुकानातलं पाकीट, वर बॉलपेनने नाव, बस. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकानेही विचारलं नाही, यंदा कार्ड नाही का म्हणून. त्या रात्री काकू बाथरूमचा नळ सोडून रडल्या.

जूनच्या शेवटी पुन्हा आल्या तेव्हा मी कबूल केलं, की माझं चुकलं. अपेक्षा सांगून सुटत नाही. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तीही इच्छा सोडा म्हणत नाही. त्याचा रोख आहे 'च'वर. 'कार्ड ठेवलं तर मला आवडेल' ही इच्छा झाली. 'ठेवलंच पाहिजे, नाहीतर मला काही किंमतच नाही' हा हट्ट. पहिल्यातून वाईट वाटतं आणि ते ओसरतं, दुसऱ्यातून माणूस पोखरला जातो. पण हे नुसतं ऐकवून उपयोग नसतो. तो 'च' कुठे बसलाय ते माणसाला स्वतःच्या हातात दिसावं लागतं. म्हणून मी म्हटलं, "पुढच्या वेळी सामान घेऊन या. माझ्यासमोर एक टॅग करा."

पुढच्या बुधवारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. बाहेर पाऊस कोसळत होता. काकू आधी कागदावर चिडल्या. "बघा, कसा गुंडाळी होतोय. पावसाळ्यात हा असाच, हवेतलं पाणी पितो." कागद त्या क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणतात, कधी पुण्याला गेल्या तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून. गांधीजींच्या प्रेरणेने 1940 मध्ये निघालेली ती संस्था. झाड न तोडता, सुती कापडाच्या चिंध्यांच्या लगद्याचा कागद. "कपड्यांच्या कारखान्यात माझ्यासारखीच कातरण उरते ना, तिचा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा मोकळा झाला.

मग त्या कामाला लागल्या आणि मी नुसती बघत बसले. मशीनचा कागद असेल तर तो आधी उभा वाकवून बघायचा, मग आडवा. जिकडे सहज वाकतो तिकडे त्याचे धागे, घडी त्याच दिशेने घालायची, नाहीतर दुमडीवर कागद फाटतो, तडा दिसतो. हातकागदाला अशी दिशा जवळजवळ नसतेच, पण तो जाड, म्हणून आधी चर पाडायचा. स्टीलची पट्टी लावून त्यांनी शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ ओढली आणि कागद त्या रेघेवर आपणहून वळला. फेव्हिकॉलचा थेंब अंगठ्यावर घेऊन इतका पसरला की दिसेनासा झाला. "जास्त लावलं की त्यातलं पाणी कागद ओढून घेतो, सुरकुत्या पडतात. आणि घरी केलेली मैद्याची खळ नको, तिला कसर लागते."

सगळं झाल्यावर डब्याच्या खालच्या कप्प्यातून एक पाकीट निघालं. त्यात गणपती. जुन्या लग्नपत्रिकांवरचे सोनेरी, उठावाचे, लहान-मोठे, कात्रीने सोंडेच्या वळणाबरोबर कातरलेले. शंभरेक तरी असतील. पत्रिकेवरचा गणपती कचऱ्यात टाकवत नाही म्हणून कापून ठेवणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, माझी आईही ठेवते. काकूंनी त्यातला एक निवडला आणि टॅगच्या मधोमध चिकटवला.

"प्रत्येकावर गणपती?"

"प्रत्येकावर."

"का हो?"

"शुभ असतं." मग किंचित थांबून, हातातला टॅग दाबत म्हणाल्या, "आणि गणपती असला की टाकवत नाही ना कुणाला."

आम्ही दोघींनीही एकदमच टेबलावरच्या त्या सोललेल्या कार्डाकडे बघितलं. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. त्यांचा तो 'च' तिथे, सोंड डावीकडे वळवून, बसला होता.

"म्हणजे मी देवाला पहाऱ्याला बसवला," काकू म्हणाल्या आणि हसल्या. मग हसता हसता डोळे पुसले.

सुनेला बोलवायचं काकूंनीच सुचवलं. आई-मूल किंवा सासू-सून यांना एकत्र बसवताना मी जरा जपून असते. बऱ्याचदा त्याचा न्यायनिवाडा होतो आणि मला न्यायाधीश करतात. इथे तसं झालं नाही. सून बाळाला झोपवून धावतपळत आली होती, छत्री ठिबकत होती. कार्ड बघताक्षणीच तिने ओळखलं.

"मॅडम, मीच टाकलं. बारशाला साठेक पाकिटं आली होती. कार्डं, पिशव्या, खोकी. घर केवढं, चारशे फूट. कपाटात डायपर मावत नाहीत. पण गणपती मी काढून ठेवलाय हो. देव्हाऱ्याच्या खणात आहे. वाफेवर धरून सोडवला, फाटू नये म्हणून. आईंनीच शिकवलंय, गणपती टाकायचा नाही."

काकूंना हे माहीत नव्हतं. जखम म्हणून इतके दिवस जपलेला तो सोललेला चौकोन सुनेने जमेल तेवढं अदबीने केलेलं काम निघाला. कार्ड काकूंनी हाताने केलंय हेही तिला ठाऊक होतं. तिच्या लेखी मात्र टाकण्याची गोष्ट आणि ठेवण्याची गोष्ट वेगळी झाली होती, आणि ती तशी वेगळी करायला काकूंनीच शिकवली होती.

मग तिनेही एक सांगितलं, जे घरी कधी निघालं नव्हतं. रात्री पंचिंग मशीनचा 'खट्' आवाज झाला की बाळ दचकून उठतं. हॉल आणि बेडरूममध्ये एक पातळ भिंत. "एकशे चव्वेचाळीस टॅग कुणी सांगितले होते, आई? मी तर नाही मागितले." हे ती तावातावाने म्हणाली नाही, दमलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाली. काकू गप्प झाल्या. मला वाटलं आता फिसकटणार. पण त्यांनी विचारलं, "दुपारी केले तर?" "दुपारी करा की. तो दोन ते चार झोपतो, तेव्हा फक्त ते मशीन नको."

ती गेल्यावर मी काकूंना एकच विचारलं, "या कार्डाच्या आत काय लिहिलंय?"

उघडून दाखवलं. सुबक अक्षरात चार शब्द: 'चि. बाळास अनेक आशीर्वाद.'

पाऊण तास बाहेर आणि आत चार शब्द, तेही कुणीही कुणालाही लिहावेत असे. मी म्हटलं, "बारशाच्या दिवशी सुनेला खरं काय सांगायचं होतं?" बराच वेळ गेला. बाळंतपण अवघड झालं होतं. दोन रात्री काकू हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून होत्या, आतून आवाज यायचा आणि यांना स्वतःचं पहिलं बाळंतपण आठवायचं, जे टिकलं नव्हतं. हे सुनेला माहीतच नाही. मुलालाही नाही.

हाताने वस्तू करणाऱ्या बऱ्याच जणींकडे मी हे पाहिलंय, आणि पुरुषांकडेही, ते फक्त कार्डं करत नाहीत, घरातले मिक्सर दुरुस्त करतात. जे तोंडाने बोलता येत नाही ते हातावर सोपवलेलं असतं. समोरच्याने ते न सांगता ओळखावं असं वाटतं. सोनेरी किनारीतून कॉरिडॉर कसा वाचणार कुणी?

मी त्यांना एक गृहपाठ दिला: टाकून द्यायला सोपं जाईल असं एक कार्ड करा, मागे लिहा, 'वाचून झाल्यावर रद्दीत दिलंत तरी चालेल.' काकूंनी साफ नकार दिला. "असलं अभद्र मी लिहिणार नाही." बरोबरच होतं त्यांचं. समुपदेशकाच्या गृहपाठाला अशील नाही म्हणतो तेव्हा बहुधा तो आपल्यापेक्षा बरं काहीतरी शोधून आलेला असतो. काकूंनी एका साध्या कातरणीवर, वीतभर लांब, धागा नाही, गणपती नाही, पेन्सिलीने सात ओळी लिहिल्या आणि सुनेच्या हातात दिल्या. पाकिटाला बांधून नाही, हातात. त्या ओळी मी वाचल्या नाहीत, मागितल्याही नाहीत.

सुनेने काय म्हटलं? काहीच नाही. वाचली, घडी घातली, बाळाला काकूंच्या मांडीवर दिलं आणि आंघोळीला गेली. दोन दिवसांनी दुधाचं पातेलं उतरवताना म्हणाली, "त्या बाकावर पंखा पण नव्हता ना, आई."

ती चिठ्ठी आता कुठे आहे, काकूंना माहीत नाही. रद्दीची पिशवी मुलगा दारात ठेवतो, त्या हात घालत नाहीत. एकदा घातला, असं मागच्या वेळी त्यांनी कबूल केलं. फक्त वर्तमानपत्रं होती.

या वर्षी काकूंची यादी 9 कार्डं आणि 30 टॅगांवर आली. कुणाला करायचं हे ठरवताना त्या आता एकच बघतात, या माणसाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही आहे का. भाच्याच्या बहिणीच्या साखरपुड्याला बाकीचे टॅग भाच्यालाच करायला बसवला. अक्षरं तिरकी आली, दोन टॅगांना भोक उलट्या बाजूला पडलं, काकूंनी ते तसेच बांधले.

बोरिवलीच्या नणंदेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. वीस वर्षं कार्डं घेतेय आणि व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवते. मी विचारलं, तिचं नाव काढलंत का यादीतून? "काढीन कशी, यजमानांची बहीण आहे," काकू म्हणाल्या. "पण तिला आता नुसती पट्टी. वर 'सप्रेम'. पाच मिनिटांत होते."