1971 च्या क्लेमेंटे कार्डाच्या दोन प्रती: पीएसए 5 घ्यावी की पीएसए 4?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीतल्या एका विक्रेत्याकडे टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या 1971 च्या बेसबॉल कार्डसंचातली, खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटेची (क्रमांक 630) दोन कार्डं आहेत. दोन्हींना पीएसएने, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून 1 ते 10 आकडा (ग्रेड) देणाऱ्या संस्थेने, ग्रेड दिलेली आहे. पीएसए 5 वरचं चित्र डावीकडे सरकलेलं आहे. पीएसए 4 वरचं चित्र मध्यावर आहे, पण मागे डाग आहे. किंमत जवळजवळ सारखीच. कार्ड जवळ ठेवायचं असेल तर मी 4 घ्यायला सांगेन. मात्र पैसे देण्याआधी काही गोष्टी नीट पाहून घ्या.

ग्रेड ही सगळ्या गुणांची सरासरी नसते. एकच मोठा दोष आकडा खाली ओढतो, मग तो पुढे असो वा मागे. अल्बममधून काढताना मागचा नखाएवढा कागद सोलला गेला, तर पुढून देखणं असलेलं कार्डही 1 किंवा 2 वर येतं. उलट, पीएसएच्या निकषात 5 साठी पुढचं सेंटरिंग (चित्र किती मध्यावर आहे, म्हणजे समोरासमोरच्या किनारींचं प्रमाण) 85/15 पर्यंत चालतं. म्हणजे दोन्ही बाजूंच्या किनारी मिळून 4 मिमी असतील, तर एकीकडे 3.4 आणि दुसरीकडे फक्त 0.6 मिमी असलेलं कार्डही 5 मिळवू शकतं. डोळ्याला ते लगेच खुपतं, आकड्यात मात्र दिसत नाही.

सेंटरिंग स्वतः मोजा. विक्रेत्याकडून सरळ स्कॅन मागवा, पडद्यावर मोठा करा आणि डावी-उजवी किनार मोजा. मोठ्या किनारीला दोन्हींच्या बेरजेने भागून 100 ने गुणा. हे वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला वेगवेगळं करा. दोन उत्तरं जुळली नाहीत, तर कार्ड तिरकं कापलं गेलं आहे. असा तिरकेपणा साध्या सरकण्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. वर-खालची किनारही अशीच मोजा. माझ्या मते 65/35 पर्यंत चित्र मध्यावरच वाटतं, 75/25 नंतर नजर तिथेच अडकते.

या संचाची खरी अडचण काळ्या किनारीची आहे. काळी शाई थेट कडेपर्यंत जाते, त्यामुळे कापताना किंवा हाताळताना जरा टवका उडाला की खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो. तेवढीच झीज टॉप्सच्याच 1957 च्या कार्डांच्या पांढऱ्या किनारीवर सहज लपते. म्हणून 1971 च्या 4 आणि 5 मध्ये कोपऱ्यांचा फरक फार थोडा असतो. दोन्हीकडे पांढरे ठिपके दिसणारच. अशा वेळी निवड सेंटरिंग, रंगाचा ताजेपणा आणि चेहऱ्यावरची छपाई यांवर करावी. क्लेमेंटेच्या चेहऱ्यावर शाईचा ठिपका नाही ना आणि चित्र धूसर नाही ना, हे 10 पट भिंगातून पाहा.

स्लॅबमध्ये (ग्रेड दिल्यावर कार्ड ज्यात बंद करतात त्या कडक प्लास्टिकच्या डबीत) नसलेलं कार्ड घेत असाल, तर याच काळ्या किनारीवर मार्कर फिरवलेला असण्याची शक्यता धरूनच चला. कार्ड आडवं धरून पुठ्ठ्याची जाडी पाहा. तिथे काळा रंग मुरलेला दिसला, किंवा भिंगाखाली उडालेल्या टवक्याच्या खरबरीत तंतूंवरच काळं दिसलं, तर कार्ड परत करा. आकारही मोजा: 63.5 गुणिले 88.9 मिमी असायला हवा. जुन्या कापणीत थोडा फरक पडतोच, म्हणून त्याच संचातल्या एखाद्या स्वस्त कार्डावर ठेवून कडा जुळवणं अधिक भरवशाचं. तीन कडा झिजलेल्या आणि चौथी धारदार असेल, तर ती नंतर कापलेली असू शकते.

आता मागचा डाग. तो मेणाचा की च्युइंगमचा, हे विचारा. ही कार्डं च्युइंगमसोबत पाकिटात येत. पाकिटं मेणकागदात गरम करून चिकटवत, त्यामुळे कडेच्या कार्डाला मेण लागे. पुढच्या चकचकीत बाजूवरचं मेण नायलॉनच्या मोज्याने हलकं चोळलं की बरंचसं निघतं. मागचा कागद उघडा असल्याने तिथे ते मुरतं. च्युइंगमचा तपकिरी डाग तर राहतोच. दोन्ही पुढून दिसत नसतील, तर मला चालतात. डाग पुढे उमटला असेल किंवा मागचा मजकूर झाकत असेल, तर भाव पाडून मागा.

सुरकुती मात्र स्कॅनमध्ये हमखास हरवते, कारण स्कॅनरचा उजेड समोरून सपाट पडतो. म्हणून खिडकीजवळ कार्ड हळूहळू कलतं करत काढलेला व्हिडिओ मागवा. 4 च्या कार्डावर बारीक सुरकुती असू शकते. ती किनारीत असेल तर हरकत नाही, चेहऱ्यावरून जात असेल तर 5 घेतलेलं बरं. स्लॅबवरचा ओरखडा कार्डावरचा वाटू नये, यासाठीही व्हिडिओ कामी येतो. स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाकून बघाच, कारण बनावट स्लॅबही फिरतात.

दोन-तीन वर्षांत विकायचा विचार असेल, तर हिशेब बदलतो. बरेच ग्राहक आधी आकड्याने शोधतात, त्यामुळे 5 ला गिऱ्हाईक लवकर मिळतं. भाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती सोडा, प्रत्यक्ष झालेले सौदे बघा, आणि त्यातही प्रत्येक कार्डाचा फोटो उघडून सेंटरिंग ताडा. चांगल्या सेंटरिंगचं 4 सरकलेल्या 5 इतक्याच भावाला गेलेलं आढळलं, तर तुमचा विक्रेता रास्त भाव सांगतोय असं समजा.