‘मॅडम, माझे डोळे जातील का?’

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की तो दारातच ओळखू येतो. विचारणारी माणसं दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘कोरडेपणा आहे, घाबरू नका’ असं सांगितलेलं असतं. तरी घाबरतातच.

वृषाली (नाव बदललंय) त्यातलीच. वय चौतीस, सीएच्या ऑफिसात जीएसटीचं काम. वीस तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचं, त्यामुळे पंधरा तारीख उलटली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, संध्याकाळी आकडे पुसट दिसायचे. वर डोळ्यांतून पाणी. “कोरडे म्हणतात, मग पाणी कसं येतं?” डॉक्टरवरचा तिचा विश्वासच उडाला होता. खरं तर चुरचुर झाली की डोळा घाईघाईने पाणी सोडतो, पण अश्रूंवरचा तेलाचा पातळ थर धड नसला की ते टिकत नाही. एवढं तिला कुणी बसून सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या भेटीत कळलं, वडिलांची नजर काचबिंदूने गेली होती. रोज रात्री कॉटवर बसून ती एक डोळा झाकायची आणि समोरच्या कॅलेंडरवरच्या तिथी वाचायची. मग दुसरा झाकून. नाही वाचता आल्या की झोपेचं खोबरं. दिवसभर राबलेल्या डोळ्यांची रात्री अकराला परीक्षा घ्यायची आणि ते नापास झाले म्हणून रडायचं!

मी सांगितलं, स्क्रीनमुळे येणारा कोरडेपणा वेगळा, काचबिंदू वेगळा. वडिलांना होता म्हणून डोळ्यांचा दाब आणि नस नियमित तपासून घ्यायची. तिची तपासणी नुकतीच झाली होती, सगळं ठीक होतं. तिला पटलं, पण भीती हलली नाही. नुसत्या माहितीने भीती जात नाही, तिच्या बुडाशी बसलेलं वाक्य शोधावं लागतं, असं माझं जुनं मत आहे.

चौथ्या भेटीला तिला लॅपटॉप आणायला सांगितला. “टू-बी कसं जुळवता, दाखवा.” टू-बी म्हणजे जीएसटी पोर्टलवर दिसणारी खरेदीची यादी; तिच्याशी ती एकेक बिल जुळवू लागली. मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, तिच्या पापण्यांकडे पाहत बसले. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट झालं तेव्हा थांबवलं.

“किती वेळा पापणी लवली असेल?”

“वीसेक?”

“चार.”

एरवी माणसाची पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवते. स्क्रीनसमोर ते प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं, आणि बऱ्याचदा पापणी पुरती मिटतही नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “नजर हटली की चूक होणार, असं वाटतं मला. आणि चूक झालेली चालतच नाही.”

हेच ते वाक्य! ड्रॉप्स डॉक्टर देतात, हे वाक्य मात्र कुठल्याच बाटलीत मावत नाही. (माझ्या नोंदवहीत त्या दिवशी दोन उद्गारचिन्हं आहेत.)

मग महिनाभराचा प्रयोग ठरला. एका पार्टीची बिलं संपली की डोळे सावकाश, पूर्ण मिटायचे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं. एसीचा झोत चेहऱ्यावर नको, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीहून जरा खाली. लाली घालवणारे ड्रॉप्स मनाने आणायचे नाहीत. डोळा दुखला, उजेड सहन होईना किंवा अचानक कमी दिसू लागलं, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरकडे.

“सर बघतील ना!”

“बघू देत. तुम्ही चुका मोजा.”

महिन्याने आली. दोन चुका निघाल्या होत्या. “एरवीही दोन-तीन निघतातच की,” असं म्हणून तीच हसली. खुपणं पूर्ण थांबलेलं नाही, वीस तारखेच्या आसपास अजून होतं.

“आणि कॅलेंडर?”

“आहे की तिथेच. दुधाचे खाडे लिहिते त्यावर.”