इव्हेंट मॅनेजमेंट शिकायचं असेल तर आधी पुण्याचा कोर्स करावा का?

तुम्ही विचारलंय की बी.कॉम. झालंय, घर लातूरला आहे, समारंभांच्या नियोजनातच करिअर करायचंय, तर आधी पुण्याला जाऊन वर्षाचा कोर्स करावा का. मी छत्रपती संभाजीनगरात हेच काम करतो. माझं मत: आधी कोर्स नको. एक लग्नसराई, तुळशीच्या लग्नापासून जेठापर्यंत, चांगल्या मंगल कार्यालयात किंवा मोठ्या केटररकडे काढा. पैसे कमी मिळतील, तरी काढाच.

आपल्याकडे समारंभ बिघडतो तो जेवणाची पानं, वीज आणि पाण्याच्या हिशेबात. वैशाखातला साडेबाराचा मुहूर्त, पत्रिका पंचक्रोशीत सहकुटुंब वाटलेल्या, आणि यजमान सांगतात आठशे पान. मुरलेला आचारी तेवढ्यावर थांबत नाही. त्याच तिथीला भावकीत दुसरं लग्न आहे का, त्या दिवशी बाजार कुठला, वऱ्हाड ट्रॅव्हल्सनं येणार की आपापल्या गाड्यांनी, हे विचारून मगच तो शिधा काढतो. ते त्याच्या शेजारी उभं राहून शिका. अशा माणसांबद्दल मला फार आदर आहे.

विजेचं तसंच. जंबो कूलर, दिवे, साउंड यांचे वॅट कागदावर मांडून बेरीज करायची सवय लावा. जनरेटरची क्षमता केव्हीए या मापात सांगतात, किलोवॉटमध्ये नाही; ६२.५ केव्हीएच्या जनरेटरवर साधारण ५० किलोवॉटच भार चालतो. मांडववाले ‘होऊन जातं’ म्हणाले तरी बेरीज दाखवा. कूलरच्या पाण्याचा टँकर पिण्याच्या पाण्यापासून वेगळा सांगा.

नियमही पाठ हवेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, इतर वेळीही लेखी परवानगी लागते. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइटचा परवाना लागत नाही, हे केंद्रानं जुलै २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. कंपनीच्या पार्टीला मात्र तो लागतो. हा फरक ग्राहकाला नीट सांगता आला की तुमच्यावर विश्वास बसतो.

लग्नाखेरीजचं कामही बघा. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, आमच्याकडे वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून शिरा, शक्यतो मंचामागे. निवास, वाहनं, पाहुण्यांची ने-आण, मिनिटामिनिटाची क्रमपत्रिका हे सगळं तिथे एकत्र दिसतं.

सराई संपल्यावर कंपन्यांचे कार्यक्रम, प्रायोजक मिळवणं, बजेट सादर करणं यांत पुढं जावंसं वाटलं तर कोर्स जरूर करा. तेव्हा काय विचारायचं ते तुम्हाला कळत असेल. फी भरण्याआधी मात्र संस्थेला एकच विचारा: विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कार्यक्रमावर किती दिवस आणि कोणत्या कामावर पाठवता? उत्तर गोलमोल आलं तर पैसे भरू नका.